आधी सत्कार, मग काम

आवडतं संकेतस्थळ कोणतं, असं विचारलं की लोक हमखास दिसायला देखणं असलेलं नाव पुढे करतात. देखणेपणाला गुण द्यायला माझी ना नाही. पण संकेतस्थळाची खरी परीक्षा एकच : आत शिरलेला माणूस काम उरकून किती लवकर बाहेर पडला? या परीक्षेत माझ्या मते पहिली येते ती जगातली पहिली वेबसाइट. टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ साली सर्नमधून जगापुढे ठेवलेली आणि २०१३मध्ये सर्ननेच पुन्हा मूळ पत्त्यावर आणून बसवलेली. पांढऱ्यावर काळं आणि मध्ये काही निळ्या लिंका. चित्र नाही, हलणारं काही नाही. कुठल्याही स्वस्तातल्या मोबाइलवर डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडते.

दुसरा क्रमांक वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेचा. २०२४च्या ऑगस्टमध्ये या कंपनीचं बाजारमूल्य एक लाख कोटी डॉलरपलीकडे गेलं, आणि तिची वेबसाइट म्हणजे लिंकांचे दोन रकाने. संकेतस्थळाबद्दल काही सांगायचं असेल तर टपालाने कळवा, मात्र कचेरीत माणसं कमी असल्याने उत्तर मिळणार नाही, असं तिथे सरळ लिहून ठेवलेलं. ग्राहकसेवेत इतका प्रामाणिकपणा मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

बाकीची संकेतस्थळं म्हणजे आपल्याकडची सभा. ज्याचं भाषण ऐकायला आलो तो वक्ता व्यासपीठावर ताटकळलेला आणि इकडे दीपप्रज्वलन, ईशस्तवन, प्रास्ताविक, परिचय, शाल-श्रीफळ चालूच. तसंच इथे. आधी कुकीजना संमती द्या. मग ‘सूचना पाठवू का?’ मग ‘आमचं अ‍ॅप घ्या.’ ते फेटाळावं तर कोपऱ्यातून एक बाहुली डोकावते, ‘नमस्कार, मी आपली काय मदत करू?’ बाई, तू बाजूला हो, एवढीच मदत कर. तू नेमकी ‘पुढे’ या बटणावर उभी आहेस.

सरकारी संकेतस्थळांना निदान विकायचं काही नसतं. तिथे मौज वेगळी. सरकत्या पट्टीत लाल ‘नवीन’ लुकलुकत असतं, आणि शेजारची तारीख दोन वर्षांपूर्वीची. तळाशी ‘इंटरनेट एक्सप्लोररमध्ये उत्तम दिसेल’ अशी ग्वाही. मायक्रोसॉफ्टने जून २०२२मध्येच त्या ब्राउझरचा पाठिंबा काढून घेतला, पण ही बातमी अजून टपालात असावी.

परवा अशाच एका फॉर्मवर ‘देश’ असा रकाना होता. अर्ज महाराष्ट्राचा, दाखला महाराष्ट्राचा, आणि यादी अफगाणिस्तानपासून सुरू. अंगठ्याने खाली ढकलत निघालो. आइसलँड आलं, भारत निसटला, इंडोनेशिया लागला. पुन्हा वर. भारत सापडला म्हणून फोटोकडे वळलो, तर तो २० केबीहून मोठा हवा आणि ५० केबीहून लहान. फोटो आटवून आणला तोवर कॅप्चा शिळा झालेला. नव्या कॅप्चात एक उभी रेघ होती. ती एकचा आकडा, मोठा आय की छोटा एल, हे ठरवेपर्यंत ‘आपले सत्र संपले आहे’. ‘देश’ पुन्हा अफगाणिस्तान.

जेकब नील्सन यांनी १९९४ साली वापरसुलभतेची दहा सूत्रं मांडली. त्यातलं एक असं की चूक झाली तर काय चुकलं आणि आता काय करायचं, हे साध्या भाषेत सांगा. आपल्याकडे यातलं निम्मं पाळतात. ‘काहीतरी चुकले’ ही भाषा साधीच आहे.

खासगी दुकानदारांचं मात्र काहीही चुकत नाही. सगळं ठरवून केलेलं असतं. या लबाडीला हॅरी ब्रिग्नल यांनी २०१०मध्ये ‘डार्क पॅटर्न’ असं नाव दिलं आणि नोव्हेंबर २०२३मध्ये आपल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तिचे तेरा प्रकार मोजून त्यांवर बंदी घातली. न मागितलेली वस्तू गुपचूप टोपलीत टाकणं, खोटी घाई लावणं, शेवटच्या पानावर भलताच आकार चढवणं, वर्गणी एका टिचकीत सुरू पण बंद करताना दमछाक. माझा लाडका प्रकार लाजवण्याचा. विमा न घेता विमानाचं तिकीट काढणाऱ्याला ‘मी असुरक्षितच राहीन’ अशा बटणावर बोट ठेवायला लावायचं, हे उदाहरण खुद्द नियमावलीतच आहे. तिकीट काढायला बसलेल्या माणसाकडून मृत्युपत्राच्या थाटाचं वाक्य वदवून घ्यायचं! नियम आले, तरी ‘आत्ता १७ जण ही खोली बघताहेत’ हे चालूच आहे. ते सतरा जण कधीच खोली घेत नाहीत.

एवढं सोसून बाहेर पडावं तर दारात पाटी आडवी : ‘आपला अनुभव कसा वाटला?’ पाच तारे. मी एकावर बोट ठेवलं. लगेच चौकट उघडली, कारण लिहा, किमान शंभर अक्षरं, सोबत मोबाइल क्रमांक आणि ओटीपी. मागे येऊन पाच तारे दाबले. ‘धन्यवाद’ म्हणून पाटी तात्काळ गेली. अख्ख्या संकेतस्थळावर एकच गोष्ट पहिल्या फटक्यात चालली, ती ही. आता त्यांच्या वार्षिक अहवालात वापरकर्त्यांचं समाधान किती टक्के छापून येणार, हे सांगायला ज्योतिषी नको.