शून्य पॉइंट पाच

बीडमध्ये अनोळखी माणसाचं वर्गीकरण तीन प्रश्नांत उरकतं: गाव कोणतं, आडनाव काय, कुणाकडं आलात? चहाला उकळी फुटेपर्यंत माणूस कुठल्या गटाचा, हे टपरीवर सर्वानुमते ठरलेलं असतं. पुढं तो वेगळाच निघाला तर ‘माणूस बदलला’ म्हणतात. निकाल बदलत नाही. आकाशातले ठिपके निवडणाऱ्या संगणकाला एवढा आत्मविश्वास नाही. माझं म्हणणं असं की त्याची खरी हुशारी याच उणिवेत आहे.

काम सांगायला सोपं आहे. दुर्बिणीच्या फोटोत हजारो ठिपके, त्यातला तारा कोणता आणि दीर्घिका कोणती? तारा इतका दूर की तो निव्वळ बिंदू दिसायला हवा. पण हवेच्या थरथरीत तोही फिसकटतो. मात्र एका फोटोतले तारे साधारण एकाच मापानं फिसकटतात. दीर्घिका जात्याच पसरट, ती त्याहून जास्त जागा अडवते. म्हणून ठिपक्याचं तेज दोनदा मोजायचं: एकदा तो तारा आहे असं धरून, एकदा पसरट आहे असं धरून. तारा समजून मोजलं की दीर्घिकेच्या कडेचा उजेड मापातून निसटतो. स्लोन आकाश-सर्वेक्षणात दोन मापांतला हा फरक ०.१४५ प्रतीच्या (प्रत म्हणजे तेज मोजायचं एकक) वर गेला की ती दीर्घिका. ठळक ठिपक्यांना हे ठीक. पण ठिपका अंधुक झाला की कड कुठली आणि आभाळ कुठलं, हेच कळेनासं होतं. १९९६ साली आलेलं ‘सोर्स एक्स्ट्रॅक्टर’ हे सॉफ्टवेअर तिथं हुशारी करत नाही. ते ० ते १ मधला एक आकडा देतं: १ म्हणजे तारा, ० म्हणजे दीर्घिका, आणि अगदीच कळेना तर ०.५ च्या आसपास काहीतरी. पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेतले अजित केंभवी व योगेश वाडदेकर आणि त्यांचे सहकारी निनान सजीत फिलिप व के. बाबू जोसेफ यांनी २००२ साली याच कामासाठी वेगळं न्यूरल नेटवर्क वापरून दाखवलं. अचूकता जवळपास तेवढीच, पण शिकायला कितीतरी चपळ.

यावर कुणी म्हणेल, अर्धवट उत्तर घेऊन करायचं काय? उलट, करायचं ते त्यामुळंच ठरवता येतं. शुद्ध दीर्घिकांचीच यादी हवी असेल तर संशयित सरळ वगळावेत. एखादी दुर्मीळ वस्तू हातची जाऊ नये असं वाटत असेल तर तेच संशयित आधी तपासावेत. ठाम उत्तरानं ही दोन्ही दारं बंद होतात.

दुसरा आक्षेप: माणसाचा डोळा काय वाईट? वाईट नाही, फक्त त्याला ०.५ म्हणायची सवय नाही. बालाघाटावर अंधाऱ्या रात्री नुसत्या डोळ्यांना दिसणारी देवयानी कित्येक पिढ्या ‘तेजोमेघ’ म्हणून मिरवली. १९२३ मध्ये खगोलशास्त्रज्ञ हबल यांनी तिच्या फोटोतल्या एका ठिपक्यापुढं नवताऱ्याचा ‘एन’ लिहिला, मग तो खोडून ‘व्हॅर!’ केलं, म्हणजे रूपविकारी तारा. अशा ताऱ्यावरून अंतर काढता येतं, म्हणून त्या खाडाखोडीतून देवयानी आपल्या आकाशगंगेबाहेरची निघाली. स्वतःचं अक्षर खोडणारा विद्वान दुर्मीळच. म्हणूनच तर त्या फोटोची काच आजही दाखवतात.

तिसरा आक्षेप जड आहे, आणि तो मान्यच करावा लागेल. क्वेसार म्हणजे दूरच्या दीर्घिकेचा झगझगीत गाभा, पण दिसतो हुबेहूब ताऱ्यासारखा, तेव्हा त्याला यंत्र छातीठोकपणे १ च्या जवळचा आकडा देऊन मोकळं होतं. ‘३सी २७३’ हा असाच ‘तारा’. १९६३ मध्ये मार्टेन श्मिट यांनी त्याचा वर्णपट वाचला तेव्हा तो दोन अब्ज प्रकाशवर्षांपलीकडं निघाला. म्हणजे यंत्राची खात्री फक्त आकाराची, कुळाची नव्हे. वर्णपट घेतला की भानगड मिटते, पण चिलीतली रुबिन वेधशाळा दहा वर्षांत अब्जावधी ठिपके टिपणार, प्रत्येकाचा वर्णपट घ्यायला दुर्बिणी आणायच्या कुठून? तेव्हा त्यातले कोट्यवधी ०.५ च्या आसपास लटकत राहणार, आणि त्यासाठी कलेक्टर कचेरीवर एकही मोर्चा निघणार नाही.