मार्जार-रक्तग्रहण : स्थाननिर्णय

मधुमेही मांजराचे रक्त घरीच तपासावे असे पशुवैद्य सांगतात, त्यास सबळ कारण आहे. दवाखान्याच्या टेबलावर ठेवताच या प्राण्याची रक्तशर्करा नुसत्या भयाने चढते, आणि मोजली ती व्याधी की धास्ती, याचा निवाडा करणे दुरापास्त होते. सबब हा वसूल घरच्या घरीच व्हावा. प्रश्न उरतो तो इतकाच की, रयतेच्या कोणत्या परगण्यातून हा थेंबभर सारा घ्यावा.

ओठाची आतली बाजू रक्तसंपन्न असली, तरी तो मुलूख दातांच्या अंमलाखाली असल्याने नवशिक्या अंमलदाराने तेथे पाऊल ठेवू नये. पुढच्या पायाच्या मनगटामागे जी चिमुकली गादी असते, ती चालताना भूमीस टेकत नसल्यामुळे स्वच्छ राहते आणि टोचल्यावर फारशी दुखतही नाही. मात्र तिच्या शेजारीच पाच नखांची शिबंदी तैनात असून, तिला डिवचल्यास तपासणीच्या पट्टीवर पडलेले रक्त मांजराचे की धन्याचे, हा नवाच तंटा उपस्थित होतो.

म्हणून बहुतेक जाणकार कानास पसंती देतात. कानाच्या कडेने जाणारी शीर दृष्टीस पडताच हर्षभरित होऊन तिच्यावरच चाल करून जाणे हा अविचार होय. शीर आणि कड यांच्या मधली जी अरुंद पट्टी, तीच टोचण्याची जागा. तत्पूर्वी कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने कान शेकावा, व्हॅसलीनचा पातळ हात फिरवावा, म्हणजे थेंब लवेत न पसरता मण्यासारखा उभा राहतो. आणि कानामागे कापसाचा बोळा धरावा, अन्यथा सुई कान पार करून आपल्याच बोटाची जमाबंदी करते. स्पिरिट वर्ज्य समजावे : ते झोंबते आणि आकडाही बिघडवते. थेंब तपासणीच्या पट्टीने शोषून घेताच कापूस क्षणभर दाबून ठेवावा, कान आलटूनपालटून घ्यावेत, आणि आकडा वहीत लिहावा. मात्र त्यावरून इन्सुलिनच्या मात्रेत फेरफार करण्याचा अखत्यार पशुवैद्याकडेच राहू द्यावा.

शेवटी उकडलेल्या कोंबडीचा एक तुकडा बिदागी म्हणून तत्काळ अदा करावा. थेंब निघालाच नाही, तरीही ती रोखू नये. कारण सुई चुकली ही सरकारची कसूर असून, रयत आपल्या जागी हजर होती.