लिनक्सकाका

सोसायटीत कुणाचाही लॅपटॉप रुसला की लिनक्सकाकांना बोलावतात आणि मग पस्तावतात. काका आधी चहा घेतात, मग पडद्याकडे बघून "विंडोज आहे होय!" एवढंच म्हणतात. सूर असा, की यजमानांनी घरातली एखादी लाजिरवाणी गोष्ट त्यांच्यापासून लपवली होती.

पुरावा त्यांच्या खिशात तयार असतो. एक्सेलमध्ये ते 29 फेब्रुवारी 1900 ही तारीख टाकायला लावतात. एक्सेल ती निमूट घेतं. 1900 हे लीप वर्ष नव्हतंच! मूळ चूक लोटस 1-2-3 या जुन्या स्प्रेडशीट प्रोग्रॅमची. त्याच्या फायली जुळाव्यात म्हणून मायक्रोसॉफ्टनं ती जाणूनबुजून उचलली आणि आजही सांभाळली आहे, कारण आता सुधारली तर लोकांच्या जुन्या शीट्समधल्या तारखा एका दिवसानं सरकतील. मला हे कारण पटतं. काकांना नाही. "आमच्यात असतं तर कधीच पॅच आला असता!" असलं 'आमच्यात' मी एरवी फक्त लग्नाच्या बैठकीत ऐकलंय.

मायक्रोसॉफ्टचे पॅच महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. "बग केव्हाही, दुरुस्ती मुहूर्तावर!" असं काका त्या दिवशी लिफ्टमध्ये भेटेल त्याला ऐकवतात.

लिनक्ससारखा कोड उघडा असला की हजारो डोळे त्यावर असतात, बग लपूच शकत नाही, हा त्यांचा सिद्धांत. ओपनएसएसएल या उघड्या कोडच्या सुरक्षा-सॉफ्टवेअरमधला हार्टब्लीड हा बग मात्र दोन वर्षं सगळ्यांसमोर पडून होता. सर्व्हरच्या मेमरीतला मजकूर बाहेरच्या कुणालाही चोरता येत होता. दहा माणसांच्या घरात दूध उतू जावं तसं झालं. प्रत्येकाला वाटलं, दुसरं कुणीतरी बघतंय. एप्रिल 2014 मध्ये तो जाहीर झाला. काकांचं उत्तर: "पण पॅच त्याच दिवशी आला ना?" आला होता, हे खरं.

मार्च 2024 ची गोष्ट ते पोवाड्याच्या आवेशात सांगतात. एक्सझेड नावाच्या छोट्या प्रकल्पात कुणीतरी चोरदरवाजा बसवला होता. एसएसएच लॉगिनला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त का लागतो, एवढ्यावरून अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्यांनी तो शोधून काढला. "ही आमची माणसं!" तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरची प्रोग्रॅमर मुलगी म्हणाली, "काका, ते मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरीला आहेत."

काका क्षणभर गडबडले. "पगार तिकडचा असेल. पण कोड उघडा होता, म्हणून सापडलं!"

इथे मी काकांच्या बाजूचा. बंद कोडमध्ये तो अर्धा सेकंद खटकला असता, तरी बाहेरच्या माणसाला तक्रार नोंदवून वाट बघण्यापलीकडे फारसं काही करता आलं नसतं.

काकांच्या स्वतःच्या लॅपटॉपचं वायफाय झाकण मिटून उघडलं की बंद पडतं. हजारो डोळ्यांपैकी दोन काकांचे, पण त्यांनी ड्रायव्हरचा कोड आजवर उघडलेला नाही, बगही नोंदवलेला नाही. "कुणीतरी नोंदवला असेलच," म्हणतात. वाचकांपैकी कुणाला त्यातलं कळत असेल तर कृपया बघावं. कोड उघडाच आहे.