फोल्डरकाका

आमच्या सोसायटीचा पुनर्विकास झाला. चार मजल्यांच्या जागी अकरा मजले आले. बिल्डरने करारात लिहिल्याप्रमाणे भिंती दिल्या, फरशी दिली, ओटाही दिला. ओट्याखालची आणि ओट्यावरची कपाटं मात्र ज्याची त्याने करून घ्यायची होती. एवढ्याशा फटीतून फोल्डरकाका जन्माला आले. त्याआधी ते नुसते काका होते.

'फोल्डर' म्हणजे लॅमिनेट कंपन्यांचा तो जाडजूड ग्रंथ. आत पत्त्याएवढे रंगीत तुकडे चिकटवलेले, प्रत्येकाखाली नंबर. सामान्य माणूस तो दुकानात बसून चाळतो, तिसऱ्या पानावर गोंधळतो, पाचव्या पानावर बायकोकडे बघतो आणि शेवटी शेठजी जे म्हणतील ते घेऊन घरी येतो. काका फोल्डर घरी आणतात. परतही नेऊन देतात, पण त्यातले चाळीसेक तुकडे मागून घेऊनच. त्या तुकड्यांना भोकं पाडून ते सुतळीत ओवलेले असतात. काका जिना चढू लागले की आधी खुळखुळ ऐकू येते, मग काका दिसतात.

माणूस जिल्हा कोषागारातून निवृत्त झालेला. त्यामुळे स्वयंपाकघराची रीतसर फाइल आहे. तीत प्रत्येक शेडला एक पान, पानाला समास आणि समासात शेरे. 'तत्त्वतः मान्य.' 'कृपया चर्चा करावी.' एका गडद तपकिरी शेडपुढे तर 'पूर्वीचा अनुभव पाहता पुनर्विचार व्हावा' असं लिहिलेलं मी स्वतः वाचलं आहे. पूर्वीचा अनुभव म्हणजे मेहुण्याचा वॉर्डरोब. गडद रंगावर धूळ दिसते, आणि मेहुण्याकडे ती पुसत नाहीत.

काकांसमोर 'सनमायका' हा शब्द उच्चारू नये. माझ्या तोंडून एकदा निघाला.

"सनमायका हे एका ब्रँडचं नाव झालं. वस्तूचं नाव लॅमिनेट. वनस्पती तुपाला आपण डालडा म्हणतो, तशातली गत." मग मला बसवून मुळापासून सांगितलं. 1912-13 च्या सुमारास अमेरिकेत दोन इंजिनिअरांनी विजेच्या उपकरणांसाठी अभ्रकाला पर्याय म्हणून राळेचा एक पदार्थ केला. अभ्रक म्हणजे मायका. त्याच्याऐवजी म्हणून 'फॉर मायका', फॉर्मायका. हल्लीच्या शीटमध्ये खाली क्राफ्ट कागदाचे थर असतात, फिनॉलिक रेझिनमध्ये भिजवलेले. त्यावर नक्षीचा छापील कागद, मेलामाइनमध्ये बुडवलेला. हे सगळं तापवून जबरदस्त दाबाखाली धरलं की आठ फूट बाय चार फूट, एक मिलिमीटर जाडीचं शीट तयार.

"म्हणजे बघा," काका चष्मा काढून म्हणाले, "अक्रोडाचा फोटो काढायचा, तो कागदावर छापायचा आणि प्लायवर चिकटवायचा. लाकडावर लाकडाचा फोटो! सदतीस वर्षं कागदांत काढली. आता ताटंवाट्याही कागदामागेच ठेवायच्या."

एवढं बोलून ते लॅमिनेटवर थांबले असते तर हा लेख इथेच संपला असता. पण कोणत्याही निविदेला किमान तीन दरपत्रकं लागतात. तेव्हा अ‍ॅक्रिलिक, व्हिनियर आणि पीयू यांचेही गोपनीय अहवाल तयार झाले. अ‍ॅक्रिलिक दिसायला आरसा. त्यात आपला चेहरा स्पष्ट दिसतो, तशीच नातवाची पाचही बोटं. ओरखडा लपत नाही. काकूंनी एका वाक्यात ते निकालात काढलं : "मी दारं पुसत बसू का पोळ्या करू?" पीयू म्हणजे फवारून मारायचा रंग, दिसतो लोण्यासारखा, पण मारताना धुळीचा कण चालत नाही. एका खोलीत सुतार प्लाय कापतोय आणि दुसऱ्या खोलीत पीयू मारायचा, हे काकांच्या मते वरातीत मोतीबिंदूचं ऑपरेशन केल्यासारखं.

व्हिनियरजवळ मात्र काका रेंगाळले. खऱ्या लाकडाचा तो पापुद्रा. दोन शीट कधी तंतोतंत सारखी नसतात, उन्हाने रंग बदलतो, वरून पॉलिश हवंच. फाइलमध्ये शेरा आहे : 'घराणं उत्तम, पथ्यपाणी फार.' त्या दिवशी काका बराच वेळ त्या तुकड्यावरून अंगठा फिरवत होते. म्हणाले, "आमच्या वाड्यात सागवानी टेबल होतं. फ्रेंच पॉलिशचं. स्पिरिटमध्ये लाख विरघळवून कापसाच्या बोळ्याने थरावर थर घासायचे. वडिलांच्या चहाच्या कपाचा पांढरा गोल होता त्यावर. गरम कपाने लाखेवर तसा उठतो. लॅमिनेटवर नाही उठणार." मग फाइल मिटून ते उठले.

मला तेव्हा थोडा उलगडा झाला. या माणसाने आयुष्यात स्वतः म्हणून काही निवडलेलंच नव्हतं. सरकारी क्वार्टरच्या भिंती खात्याच्या पिवळ्या, बदली वरून आलेली, लोखंडी कपाट सासऱ्यांनी दिलेलं, त्याचा हिरवट राखाडी रंगही त्यांच्याच पसंतीचा. आता पहिल्यांदा कोणीतरी विचारत होतं, 'काका, तुम्हाला कोणता हवा?' एवढा मान मिळालेला माणूस दोन मिनिटांत उत्तर देऊन मोकळा कसा होईल?

तर परीक्षा सुरू झाल्या. गॅलरीत वर्तमानपत्र अंथरून त्यावर तुकडे मांडले. प्रत्येकावर हळदीचं पाणी, चहा, लिंबू आणि फोडणीचं तेल, एक एक थेंब. एक रात्र तसंच ठेवून सकाळी ओल्या फडक्याने पुसायचं, नंतर किल्लीने ओरखडा. बहुतेक तुकडे पास झाले. एका पांढऱ्या, रेघांच्या टेक्श्चरच्या तुकड्याच्या खाचांत मात्र हळद अशी जाऊन बसली की त्याला सरळ हळदीकुंकवाला पाठवावं.

पुढची पायरी उजेडाची. दुकानात पांढरे दिवे, घरात पिवळे, त्यामुळे तोच राखाडी दुकानात निळसर आणि घरी मातकट दिसतो. काकांचं हे म्हणणं शंभर टक्के खरं आहे आणि याच एका मुद्द्यावर मी त्यांना कायमचा शरण गेलो आहे. पण म्हणून सकाळी सात, दुपारी बारा आणि दिवेलागण अशा तिन्ही त्रिकाळ शेजाऱ्यांना बोलावून 'आता कसा वाटतो?' विचारणं आवश्यक होतं का? तुकडा आडवा धरायचा नाही, दारासारखा उभा धरायचा. आणि एवढासा तुकडा बघून फसायचं नाही. पत्त्याएवढा आवडलेला रंग बत्तीस चौरस फुटांत अंगावर येतो.

काकूंना नंबर पाठ होत नाहीत. त्यांनी आपली पद्धत काढली. काका ज्याला एकवीस-चौदा म्हणायचे तो 'करपलेल्या कांद्याचा'. ओकच्या जातीचे सगळे 'चहात पडलेल्या बिस्किटाचे'. एक बेज होता तो 'अळणी लापशी'. आणि एक साधासा, मऊ, किंचित तांबूस रंग, त्याला त्या 'कुळथाचं पिठलं' म्हणत. हे त्या म्हणताना थोडं हसायच्या. काकांनी त्या पानावर शेरा मारला होता : 'अभिप्राय प्रतीक्षेत.'

इकडे सुतार राजस्थानचा, शांत. त्याने प्लायचे सांगाडे उभे करून दोन महिने झाले होते. रोज येऊन तो एकच वाक्य बोलायचा : "काका, प्लाय बूढ़ा हो रहा है." काकू उघड्या प्लायमध्येच डाळीचे डबे लावून मोकळ्या झाल्या. बंगळूरहून आलेल्या पुतणीने ते बघून "वाव, रॉ फिनिश!" म्हटलं, तेव्हा काकांनी लगबगीने फाइलमध्ये एक नवं पान घातलं.

अखेर सोळा आठवड्यांनी एकवीस-चौदावर सही झाली. काका भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात गेले. कच्छी शेठनी नंबर वाचला आणि म्हणाले, "काका, ये तो बंद हो गया. नवीन फोल्डर आलाय ना!" आणि नवा, आणखी जाड फोल्डर काउंटरवर ठेवला. सांगणारे सांगतात, काकांचा चेहरा पडला नाही. उजळला.

पण तो फोल्डर घेऊन ते घरी पोचले तेव्हा स्वयंपाकघरात फेव्हिकॉलचा वास भरला होता. काकूंनी सकाळीच सुताराला कोपऱ्यावरच्या दुकानात पाठवून कुळथाच्या पिठल्याची नऊ शीट आणवली होती, सगळी एकाच बॅचची. सहा दारं चिकटवून झाली होती. काकांनी काही न बोलता एक दार उघडून आत पाहिलं. आतल्या बाजूला पांढरा लायनर व्यवस्थित लावलेला होता. एकाच अंगाला लॅमिनेट लावलं की दार वाकतं, हे गेले चार महिने काकूंनी रोज ऐकलेलं होतं.

काकांनी पिवळा दिवा लावून पाहिला, पांढरा लावून पाहिला. मग फाइल आणून त्या पानावर लिहिलं : 'मान्य. कार्योत्तर मंजुरी.'

आम्हाला वाटलं, सुटलो. परवा रविवारी सकाळी जिन्यात खुळखुळ ऐकू आली. काका आत आले, खुर्चीत टेकले आणि आमच्या जेवणाच्या टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवला. एका कोपऱ्यात लॅमिनेट जरासं उचकटलेलं आहे. पाच वर्षांत आम्हाला ते दिसलं नव्हतं.

"बदलायला झालंय हो," काका म्हणाले आणि सुतळीचा जुडगा टेबलावर ठेवला. मी काही बोलायच्या आत बायकोने आतून हळदीचा डबा आणून त्यांच्यासमोर ठेवला.