नियम क्रमांक नऊ

बसा. चहा सांगितलाय, आणि अद्रक सढळ हाताने टाकायला सांगितलंय. कन्नडमध्ये बसून अद्रकात काटकसर बरी दिसत नाही. चहा उकळेपर्यंत माझं एक गाऱ्हाणं ऐकून घ्या. तुम्हीही कधी ना कधी भजनी मंडळात, भिशीत नाहीतर गणपतीच्या कमिटीत असालच. म्हणजे तुम्हीही यातून गेलेले आहात.

आम्ही पहाटे धावणारी चौदा माणसं. पिशोर नाक्यावर जमायचं, हिवरखेड्याच्या रस्त्याला लागायचं, उजाडता उजाडता परत फिरायचं आणि नाक्यावर येऊन चहा प्यायचा. दोन शिक्षक आहेत, एक औषध दुकानवाले, एक खत-बियाण्यांच्या दुकानाचे मालक, चार गृहिणी, पोलीस भरतीची तयारी करणारी पाच पोरं-पोरी आणि मी. माझी सव्वीस वर्षं कचेरीत फायली सांभाळण्यात गेली. चार माणसं रोज एकत्र आली की त्यांना नियम लागतात, हे मला तिथे कळलं. म्हणून दिवाळीनंतर मी दोनशेपानी वही आणली आणि नऊ नियम लिहिले. नाक्यावर रीतसर बैठक घेतली, एकेक नियम मोठ्याने वाचला. सर्वानुमते मंजूर झाले. तेव्हाच्या सगळ्यांच्या सह्या आहेत. वही माझ्याकडे आहे, केव्हाही बघायला या.

आता अंमलबजावणीचं ऐका.

नियम क्रमांक एक. साडेपाच म्हणजे साडेपाच. यात न समजण्यासारखं काही आहे का? पण पाच पस्तीसला फोन केला की पलीकडून येतं, “आलोच.” या शब्दाइतका माझा छळ दुसऱ्या कुठल्या शब्दाने केला नसेल. “आलोच” म्हणणारा माणूस अंथरुणात असतो. “निघालोय” म्हणणारा बूट शोधत असतो. “इथेच आहे” म्हणणारा नक्की कुठे असतो ते मला आजवर कळलेलं नाही. आणि वेळेवर आलेली माणसं तोवर थंडीत जागच्या जागी उड्या मारत उभी. वेळेवर येणाऱ्याने शिक्षा भोगायची, हा कुठला न्याय?

पाच मिनिटांनी काय होतं, असं मला तोंडावर विचारलं गेलं आहे. सांगतो. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातला, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेस धावला. वेळ ८ मिनिटं ११.२० सेकंद. पहिला आलेला केनियाचा धावपटू ८ मिनिटं ११.१५ सेकंदांत पोचला. सुवर्ण आणि रौप्य यांच्यात एका सेकंदाचा विसावा भाग. इतकं लांब कशाला जायचं, आमच्याच गटातली भरतीची पोरं बघा. १६०० मीटर पाच मिनिटं दहा सेकंदांत पूर्ण केलं तर वीसपैकी वीस गुण, त्यापुढे गुण कापले जातात. मुलींना ८०० मीटरसाठी दोन मिनिटं पन्नास सेकंद. ज्यांची नोकरी सेकंदावर टांगलेली आहे त्या पोरांना आपण नाक्यावर उभं करून ठेवतो आणि वर म्हणतो, आलोच.

नियम क्रमांक दोन. उद्या येणार नसाल तर रात्री नऊपर्यंत ग्रुपवर कळवायचं. कारण विचारलं जाणार नाही, हेही लिहिलेलं आहे. मी रोज रात्री आठला विचारतो, “उद्या कोण कोण?” त्यावर अंगठे येतात. अंगठा म्हणजे येतो, की निरोप वाचला, की नुसतंच बरं आहे? एकदा सात अंगठे आले आणि पहाटे नाक्यावर तिघं उभे. अंगठा ही सही नव्हे. एवढं तर आमच्या कचेरीत शिपायालाही माहीत होतं.

नियम तीन ते पाच रस्त्याचे आहेत. त्यांत चेष्टेला जागा नाही. समोरून येणारी गाडी दिसावी म्हणून उजव्या कडेने धावायचं. गावात दोघं-दोघं, मोठ्या रस्त्यावर एकामागे एक. अंधारात अंगावर फिकट कपडे आणि हातात बॅटरी. गाणी ऐकायची तर एकाच कानात. आमच्याकडे होतं असं की गप्पा रंगल्या की चौघं हात धरल्यासारखे रस्ताभर पसरतात. मागून ट्रॅक्टरवाला हॉर्न देतो तर दोघांच्या दोन्ही कानांत बोंडं.

यावर एक युक्तिवाद मला ऐकवला जातो. उच्च न्यायालयाच्या खंडपीठाच्या आदेशाने ऑगस्ट २०२३ पासून आपल्या औट्रम घाटात अवजड वाहनांना बंदी आली, मग आता रस्ता मोकळाच की. अहो, बंदी घाटातल्या अवजड वाहनांना. उसाची ट्रॉली आमच्याच रस्त्यांवरून जाते. मागे दिवा नाही, लाल पट्टी नाही, दोन्ही बाजूंना हातभर ऊस बाहेर आलेला. या भागातला रस्ता काय करू शकतो ते आपण ३१ ऑगस्ट २०२१ ला पाहिलं आहे. एका रात्रीच्या पावसात घाटात दरडी कोसळल्या, गाड्या अडकल्या, वाहतूक बंद पडली. इथल्या माणसाने तरी रस्त्याला गृहीत धरू नये. कान उघडा ठेवायला पैसे पडत नाहीत.

नियम क्रमांक सहा. बाटली ज्याची त्याने परत आणायची. आपण धावतो तो रस्ता पुढे गौताळा अभयारण्याकडे जातो. १९८६ पासून ते जंगल संरक्षित आहे, बिबट्यांचं घर आहे. २०२१ साली तर यवतमाळच्या टिपेश्वरहून एक वाघ शेकडो किलोमीटर चालत इथे आला. कित्येक दशकांनी या डोंगरांना वाघ दिसला. एवढ्या लांबून येऊन त्याने आपलं जंगल निवडलं, याचा मला अभिमान वाटतो. आणि त्या जंगलाकडे जाणाऱ्या वाटेवर, बाभळीच्या बुंध्याशी, आमच्या गटातली निळ्या बुचाची बाटली पडलेली असते. ती मी दोनदा उचलली. दोन्ही वेळा ग्रुपवर फोटो टाकून कोणाची म्हणून विचारलं. आठ अंगठे आले.

नियम क्रमांक सात. न विचारता सल्ला द्यायचा नाही. टाच आधी टेकवायची की चवडा, श्वास नाकाने की तोंडाने, केळं आधी की नंतर, यावर आमच्यातल्या प्रत्येकाने मोबाइलवर काहीतरी पाहिलेलं आहे. सल्ला देणारा हमखास दमलेला असतो. सल्ला द्यायला थांबायला मिळतं. इथवरही मी सोसलं असतं. पण एकाने एका ताईंना सांगितलं, पंजाबी ड्रेसवर धावू नका, शोभत नाही. ताई काही बोलल्या नाहीत. पुढचे बारा दिवस आल्या नाहीत. वयाच्या चाळिशीत, घरच्यांचा डबा करून, पहाटे दार ओढून घेऊन बाहेर पडायला बाईला काय काय ओलांडावं लागतं याची या गृहस्थांना कल्पना नाही. तेराव्या दिवशी ताई आल्या, त्याच ड्रेसवर. मी वही उघडून नियम सात मोठ्याने वाचला, कोणाचं नाव न घेता. गृहस्थ माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत. मी ते मान्य केलं.

नियम क्रमांक आठ. विचारल्याशिवाय कोणाचा फोटो काढायचा नाही. याचं पालन बरं होतं, म्हणून पुढे जातो.

चहाला उकळी आली वाटतं. आता नऊ ऐका. आधीचे आठ नियम मी याच्यासाठीच सांगत होतो.

नियम क्रमांक नऊ. शेवटच्या माणसाला मागे टाकून यायचं नाही.

हा काही मी शोधलेला नियम नाही. लंडनच्या बुशी पार्कात २ ऑक्टोबर २००४ ला तेरा जण पाच किलोमीटर धावायला जमले होते. त्यातून पुढे पार्करन नावाची दर शनिवारची फुकट धाव देशोदेशी पसरली. तिथे एका स्वयंसेवकाचं काम असतं सगळ्यांत मागे चालायचं. तो शेवटी पोचतो, म्हणून धावायला आलेला कोणी शेवटचा ठरत नाही. पण आपल्याला लंडनचं उदाहरण कशाला हवं? माउलींच्या पालखी सोहळ्यात रथाच्या पुढच्या आणि मागच्या दिंड्यांना क्रमांक ठरलेले. संध्याकाळी तळावर समाजआरतीआधी चोपदार चोप उंचावतो आणि लाखांचा समुदाय गप्प होतो. ज्या दिंडीचं गाऱ्हाणं असेल तिचे टाळ तेवढे वाजत राहतात. चोपदार तिथे जाऊन विचारतो, काय झालं. मग हरवलं-सापडलं पुकारलं जातं. लाखो माणसं आणि एवढी व्यवस्था. ज्याची तक्रार आहे त्याचा आवाज ऐकू यावा म्हणून बाकीच्यांनी गप्प व्हायचं. आम्ही चौदा जण, आणि आम्हाला मागे वळून बघणं जमत नाही.

पौषातली गोष्ट. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ निघत होती. त्या दिवशी अकरा जण निघालो. परत आलो, हात चोळत टपरीपाशी उभे राहिलो, कोणीतरी चहा सांगितला. कोण पुढे, कोणी किती मिनिटं कमी केली, हे सुरू झालं. टपरीवाल्याने कप मांडले, किटली उचलली आणि थांबला. म्हणाला, “जाताना अकरा होते ना? इथे दहाच दिसतात.”

आम्ही एकमेकांकडे बघितलं.

भरतीची तयारी करणारी एक मुलगी होती, गटात येऊन तिला पाच दिवस झालेले. कोणाला वाटलं ती घरी वळली. कोणाला वाटलं ती दुसऱ्या कोणाबरोबर आहे. फोन करावा तर नंबर कोणाकडे नाही, कारण तिला ग्रुपमध्ये घ्यायचं राहून गेलं होतं. ते काम माझं होतं.

मोटरसायकल घेऊन दोघं गेलो. दिवसाची पहिली राखाडी छटा आली होती. वळणापलीकडे, किलोमीटरच्या दगडावर ती बसलेली. पोटरीत वांब आला होता. ओढणी काढून पोटरीभोवती घट्ट गुंडाळली होती. बूट काढून दगडाशेजारी सरळ ठेवले होते, आणि मोजे नीट घडी करून त्या बुटांत. परीक्षेच्या आदल्या रात्री एखादी घरी कपडे काढून ठेवते तसे. रडत नव्हती. म्हणाली, “काका, हाका मारल्या होत्या. तुम्ही बोलत होतात ना सगळे, ऐकू नसेल आलं.”

तेव्हापासून मला ते टाळ आठवतात.

त्या सकाळी नऊ नंबरचा नियम पाळला तो फक्त टपरीवाल्याने. तो गटात नाही. वहीत त्याची सही नाही. नियम त्याला कोणी वाचून दाखवले नाहीत. तो फक्त पाचला दुकान उघडतो आणि जाणारी माणसं मोजतो, कारण त्याला तेवढे कप विसळून ठेवायचे असतात.

दुसऱ्याच दिवशी मी दुरुस्ती मांडली. निघताना मोठ्याने मोजणी करायची. सगळ्यांत मागे रोज एक जण पाळीपाळीने राहील, तो कितीही वेगवान असो. नवीन आलेल्या माणसाचा नंबर पहिल्याच दिवशी घ्यायचा. आणि निघतानाचा आकडा भरल्याशिवाय चहा सांगायचा नाही. आकडा भरला की नाही ते टपरीवाले ठरवतील, त्यांचा शब्द अंतिम. सर्वानुमते मंजूर झालं. या वेळी पंधरा सह्या आहेत. पंधरावी किटली खाली ठेवून, ओला हात शर्टाला पुसून केलेली आहे, त्यामुळे कागद तिथे जरा फुगला आहे.

ती मुलगी येते अजून. पाय बरा आहे, ८०० मीटरची वेळ उतरते आहे. एक नंबरचा नियम अजूनही पाळला जात नाही, अंगठेही थांबलेले नाहीत, आणि निळ्या बुचाची बाटली परवा पुन्हा तिथेच होती. त्या प्रत्येकासाठी मी भांडणार आहे. वेळेवर न येणारा, न कळवणारा, कान बंद करून धावणारा, सगळे एकच गोष्ट करत असतात: आपल्यामागे कोणी आहे हे विसरत असतात. आठ नियम मोडायची सवय लागली की नववा आपोआप मोडतो, आणि तो मोडला की कोणीतरी अंधारात दगडावर बसून राहतं.

आला बघा चहा. थांबा, लगेच उचलू नका. माणसं दोन, कप दोन. बरोबर आहे. घ्या आता.