लडाखच्या वाटेवर मिसरोद

स्पोर्ट्स बाइकवर माणूस बसत नाही. साष्टांग नमस्कार घालायला निघून निम्म्यात थांबतो. हँडल खाली, पाय मागे दुमडलेले, हनुवटी टाकीवर आणि सगळ्या देहाचा भार मनगटांवर. वेग वाढला की समोरचा वारा छातीला उचलून धरतो आणि मनगटं मोकळी होतात, असं यामागचं शास्त्र आहे. पण त्यासाठी शंभराच्या आसपास जावं लागतं, आणि भोपाळच्या न्यू मार्केटपासून दस नंबरपर्यंत शंभरी फक्त पेट्रोलच्या भावानं गाठली आहे.

माझ्याकडे अशीच एक होती. चाळिशीनंतर मान कुरकुरू लागली. अस्थिरोगतज्ज्ञांनी एक्स-रे उजेडासमोर धरला आणि दुखणं कुठं आहे हे न विचारता "गाडी कौन सी है?" एवढंच विचारलं. मग घरी हिमालयन आली. रॉयल एनफील्डची, ४५२ सीसीची. पुढचं चाक २१ इंची, पोट जमिनीपासून २३० मिलिमीटर वर, वजन दोनशे किलोच्या घरात. १९८० साली बीएमडब्ल्यूनं आर ८० जी/एस काढली, पुढच्याच वर्षी ती पॅरिस-डाकार शर्यत जिंकली, आणि डांबरावर व मातीवर सारख्याच चालणाऱ्या गाड्यांचं हे घराणं जगभर फोफावलं, असं मी घरी समजावून सांगितलं. आईनं सगळं ऐकून घेतलं. "ते असू दे. आता माणसासारखा ताठ बसतोस," ती म्हणाली. दोन चाकांच्या वाहनाबद्दल तिच्या तोंडून निघालेला हा पहिला बरा शब्द.

ताठ बसल्याचा तोटा असा, की आपल्याला गाव दिसतं तसं गावालाही आपण दिसतो. आधी सिग्नलला माझं फक्त हेल्मेट दिसायचं, त्यामुळे कुणी बोलायच्या भानगडीत पडत नसे. आता बिट्टन मार्केटला भाजी आणायला निघालो तरी शेजारचा बाइकवाला आपुलकीनं विचारतो, "को खां, लद्दाख जा रिये हो?" मेथी आणायला चाललोय म्हटलं तर त्याचा अपेक्षाभंग होतो, म्हणून मी नुसतीच मान हलवतो. दुसरा प्रश्न ठरलेलाच: "कितना देती है?" तीस सांगितलं की त्याच्या चेहऱ्यावर घरी कुणी गेल्यासारखी कळा येते. त्याची स्प्लेंडर किती देते हे तो सांगत नाही. मोठेपणा आहे त्याचा.

पहिली स्वारी भीमबेटकाची. भोपाळपासून पंचेचाळीस किलोमीटर. मागच्या सीटवर बायको. आधीच्या गाडीवर नव्याची नवलाई संपल्यावर तिनं पुन्हा पाय ठेवला नव्हता. मी गुडघ्याला कवच, कोपराला कवच, पाठीला कवच असा नखशिखान्त सजलो. ती सलवार-कुडत्यावर आली आणि भोपाळच्या वेशीवरच्या मिसरोदला पोहोचताच म्हणाली, "भूक लागली."

टपरीवर वाफेवरचे पोहे होते. वर शेव, कांदा, जीरावन मसाल्याची चिमूट, शेजारी कढईतून नुकती निघालेली जलेबी. मी एक हातमोजा काढला, दुसरा दातांनी ओढला, हेल्मेटचा पट्टा शोधला, मग जॅकेटची चेन. पोहेवाला प्लेट धरून उभा. शेवटी म्हणाला, "भाईसाब, पूरा सामान उतारोगे तब तक ठंडा हो जाएगा." बायकोची दुसरी प्लेट संपत आली होती.

पुढे रस्त्याचा एक उखडलेला तुकडा लागला. अशा ठिकाणी पायदानावर उभं राहायचं, गुडघे सैल सोडायचे, गाडीला खालून हवं तसं नाचू द्यायचं, असा या पंथाचा नियम आहे. मी उभा राहिलो. मागून आवाज आला, "अरे, उभा का राहिलास? पुढं काही झालंय का?" समोरून येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यालाही तीच शंका आली असावी, तो वेग कमी करून मागे वळून बघत गेला.

भीमबेटकाला पोहोचलो. १९५७ साली पुरातत्त्वज्ञ विष्णू श्रीधर वाकणकरांना हे खडक आगगाडीतून जाताना दिसले आणि त्यांनी तिथं जाऊन खडकांवरची प्राचीन चित्रं शोधून काढली. २००३ मध्ये युनेस्कोनं ती जागा जागतिक वारशात घेतली. वाकणकर खिडकीशी ताठ बसले होते हे आपलं नशीब. माझ्या जुन्या गाडीवर असते तर त्यांना फक्त वेगाचा काटा दिसला असता. मी स्वतः या रस्त्यानं कैक वेळा सुसाट गेलोय. इथं डोंगर आहेत हे मला आत्ता कळत होतं. एका खडकावर घोडेस्वारांची रांग आहे. टाकीवर ओणवा झालेला त्यांत एकही नाही. बायको बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "यांना कुणी 'कितना देती है' विचारत नसेल."

परतताना अकरा मील फाट्यावरून भोजपूरला वळलो. राजा भोजाचं अकराव्या शतकातलं शिवमंदिर, अर्धवट राहिलेलं. मंदिरामागं मातीचा उतार अजून आहे. त्यावरून अवाढव्य दगड वर ओढून नेत. मी उताराकडे पाहिलं. पहारेकऱ्यानं माझ्या बुटांकडे पाहिलं, लांब उभ्या गाडीकडे पाहिलं आणि न बोलता मान हलवली.

घरी सगळ्यांचं लक्ष गाडीच्या दोन्ही बाजूंच्या पेट्यांकडे. स्पोर्ट्स बाइक होती तोवर मला कुणी काम सांगत नसे, सांगून ठेवणार कुठं? आता आत्याला सीहोरचा शरबती गहू हवा आहे, थेट शेतकऱ्याकडून. शेजारच्या काकूंनाही थोडा. मी म्हटलं, गाडी लडाखसाठी घेतली आहे. आईनं शांतपणे हिशेब मांडला: लडाखचा रस्ता उघडणार मे-जूनमध्ये, शरबती येतो एप्रिलमध्ये. एप्रिल आधी.