रोमहर्षक इंदिरानगर

नाशिकच्या इंदिरानगरातल्या आमच्या सोसायटीचे चेअरमन सपत्नीक रोमला जाऊन आले आणि सर्वसाधारण सभेचा कोरम एकदाचा भरला. विषय एकच : रोमने दिलेले धक्के.

पहिला धक्का कॉफीचा. काउंटरशी उभ्याने प्यायलात तर स्वस्त, टेबलाशी बसलात की महाग. दुसरा स्पॅनिश स्टेप्सचा. या पायऱ्या फक्त चढायच्या-उतरायच्या. 2019 पासून तिथे बूड टेकलं की 250 युरो दंड. इंदिरानगरच्या बोगद्यात बिनदिक्कत उलट्या दिशेने स्कूटर घालणारे आमचे साहेब तिथे कठड्यालासुद्धा रेलले नाहीत. तिसरा सेंट पीटर्सच्या दारात. गुडघे उघडे असतील तर आत प्रवेश नाही. साहेब बर्म्युडात. शेवटी काकूंची ओढणी लुंगीसारखी गुंडाळून त्यांनी दर्शन घेतलं. फोटो आहे, काकूंनी तो ग्रुपवर टाकलाय.

"आणि भिंती!" साहेब गहिवरले. "दोन हजार वर्षांच्या, पण जपतात किती! 2023 मध्ये एका पर्यटकाने कोलोसियमवर किल्लीने नाव कोरलं, तर जगभर बोंब झाली."

एवढ्याशा गोष्टीवर बोंब? सभेला काही कळेना.

तेवढ्यात मागून एका कॉलेजकुमाराने विचारलं, "काका, आपली पांडवलेणी पण दोन हजार वर्षांचीच आहेत. पाहिलीत?"

"रोज पाहतो की. गच्चीतून."

पोरगं हट्टाला पेटलं. म्हणालं, सतराव्या लेण्यात ब्राह्मी शिलालेख आहे. उत्तरेकडच्या दत्तामित्री नगरातला इंद्राग्निदत्त नावाचा यवन, म्हणजे ग्रीक, इथे आला. त्याने त्रिरश्मी डोंगरात लेणं खोदवलं, आत चैत्यगृह आणि पाण्याची टाकी करवली आणि पुण्य आईवडिलांच्या नावे केलं. नाव त्यानेही भिंतीवरच कोरलं, पण आधी अख्खं लेणं कोरून.

सभागृहात शांतता पसरली. साहेबांनी चष्मा पुसला.

"तिकीट किती आहे तिथे?"

"25 रुपये."

"अरे, मग त्यात बघण्यासारखं काय असणार? पँथिऑनला माणशी 5 युरो मोजले आम्ही. रांगेत तासभर उभे होतो, उन्हात!"

मुद्दा बिनतोड होता. पुढच्या वर्षी सोसायटीची सहल ग्रीसला न्यायचा ठराव एकमताने मंजूर झाला. यवनांबद्दल सगळ्यांनाच आता कुतूहल वाटू लागलंय.